वॉर्डाच्या खिडक्या बुजवू नका : रुग्णालयं बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या अभियंत्यांना खुलं पत्र

आदरणीय अभियंते आणि वास्तुरचनाकार मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी 31 वर्षं परिचारिका होते. त्यातली शेवटची 9 वर्षं परिसेविका, लोकांच्या भाषेत इन्चार्ज सिस्टर. स्त्रियांचा मेडिकल वॉर्ड माझ्याकडे होता. नोकरीत असताना तुमच्याशी माझा संबंध आला तो गळकं छत, तुंबलेला संडास आणि बंद पडलेली लिफ्ट एवढ्यापुरता. त्यामुळे रोगाच्या संसर्गाबद्दलचं पत्र तुमच्या नावाने पाहून तुम्हाला वाटेल, बाईंचा पत्ता चुकला. तो चुकलेला नाही. हे पत्र तुम्हालाच लिहायचं असं मी निवृत्त व्हायच्या आधीपासून ठरवलं होतं.

संसर्ग रोखायचा म्हटलं की सगळे आमच्याकडे बघतात. हात धुवा, वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नका, रक्ताने भिजलेला कापूस पिवळ्या पिशवीत टाका, सलाइनची नळी लालमध्ये. हे सगळं बरोबर आहे, आणि ते आम्ही केलंच पाहिजे. हातावरून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाणारा जंतू, सुईतून रक्तात जाणारी कावीळ, यांना अडवणं आमच्या हातात आहे. पण हवेतून पसरणारा आजार अडवायचं मोठं काम वॉर्ड बांधला जातो तेव्हाच झालेलं असतं, नाहीतर बिघडलेलं असतं. छत किती उंच, खिडक्या कुठे आणि केवढ्या, समोरच्या भिंतीत त्यांची जोडी आहे की नाही, सिस्टरचं टेबल कोणत्या कोपऱ्यात, ओपीडीची रांग कुठे थांबणार, हे सगळं तुमच्या नकाशावर ठरतं. आम्ही त्या नकाशात 30 वर्षं श्वास घेतो.

आमच्या वॉर्डाची गोष्ट सांगते. जुनी दगडी इमारत. छत इतकं उंच की पंखे लांब दांड्यांवरून लोंबायचे. दोन्ही लांब भिंतींत समोरासमोर लाकडी झडपांच्या खिडक्या. झडप उघडली की पूर्ण चौकट मोकळी. त्यांच्या वर, छताला लागून झरोके, साखळी ओढून उघडायचे. ते दिवस सुखाचे होते असं मी म्हणणार नाही. पावसाळ्यात पश्चिमेकडून झड आत यायची आणि वॉर्डातले मामा (वॉर्डबॉय) पोती अंथरत फिरायचे. माघात पहाटे म्हाताऱ्या बायका दोन-दोन चादरी मागायच्या. कबुतरांनी तर जीव नकोसा केला होता.

मग नूतनीकरण आलं. झरोके विटांनी बुजवले आणि त्यांच्याखाली फॉल्स सीलिंग टाकलं. झडपा काढून अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसवल्या. पूर्वेच्या भिंतीला टेकवून औषधांची आणि कपड्यांची कपाटं उभी केली, त्यात त्या बाजूच्या निम्म्या खिडक्या झाकल्या गेल्या. आणि 4 स्प्लिट एसी आले. नारळ फुटला, पेढे वाटले, पेपरात फोटो आला. आम्ही सगळ्या खूश होतो. एसी मागणाऱ्या अर्जावर माझी सही होती. मे महिन्यात अंगावर प्लास्टिकचा अॅप्रन चढवून ज्या सिस्टरने ड्युटी केली आहे, तिने ती सही केलीच असती.

एसी चालू म्हणजे खिडक्या बंद. मी एखादी उघडली की नातेवाईकच उठून लावायचे, "सिस्टर, गारवा जातो." रात्री 20 खाटांवर 20 बायका, खाटांखाली तितकेच नातेवाईक, दारं ओढून घेतलेली. पहाटे बाहेरून आत शिरलं की हवा तोंडावर येऊन आदळायची: औषधं, घाम, शिळं जेवण. नाकाला कळत होतं. आम्ही फिनाइलचा पोछा आणखी एकदा मारायला सांगायचो.

दीड वर्षाने मला उजव्या कुशीत श्वास घेताना कळ यायला लागली. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी झालं होतं. टीबी. मी 46 वर्षांची होते. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि बरी झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी माझ्या वॉर्डातली एक अधिपरिचारिका आजारी पडली, वय 26, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तिचा टीबी एमडीआर निघाला, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन या दोन्ही मुख्य गोळ्यांना दाद न देणारा. त्या काळी त्याचा उपचार दोन वर्षांचा असायचा आणि सुरुवातीचे कित्येक महिने रोज इंजेक्शन. टीबी बरा झाला. इंजेक्शनाने तिचे कान गेले. स्टेथोस्कोप लावून बीपी घेणं तिला जमेना, रुग्णाने मारलेली हाक ऐकू येईना. शेवटी तिला केसपेपरच्या खिडकीमागे कागदपत्रांच्या कामाला बसवलं. एमडीआरसाठी सहा महिन्यांचा, फक्त गोळ्यांचा उपचार केंद्र सरकारने 2024 मध्ये मंजूर केला, तेव्हा मला सगळ्यात आधी तिची आठवण झाली.

आम्हा दोघींना टीबी त्या वॉर्डातच लागला, हे मी सिद्ध करू शकत नाही. हा जंतू शरीरात वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. आम्हाला तोंडी सांगण्यात आलं, "बाहेर कुठेतरी लागला असेल." असेलही. त्यावर भांडायला मी हे पत्र लिहीत नाही. मात्र त्या काळात मी वाचायला लागले, आणि जे वाचलं ते तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे असं मला वाटतं.

रॉबर्ट कॉख यांनी 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये टीबीचा जंतू जगासमोर मांडला. पण तो एका माणसातून दुसऱ्यात नेमका कसा जातो, यावर पुढची 70 वर्षं एकमत नव्हतं. कुणी धुळीला दोष द्यायचं, कुणी थुंकीला, कुणी भांड्यांना. विल्यम वेल्स या अमेरिकी संशोधकाने 1930च्या दशकात दाखवलं की खोकताना उडालेले बारीक थेंब जमिनीवर पडायच्या आत वाळतात. उरतो तो मिलिमीटरच्या हजाराव्या भागापासून त्याच्या पाचपटीपर्यंतचा कण. हा कण खाली बसत नाही. तासन्‌तास तरंगतो, वाऱ्याबरोबर फिरतो आणि श्वासाबरोबर थेट फुफ्फुसाच्या तळापर्यंत उतरतो.

वेल्स आणि त्यांचे शिष्य रिचर्ड रायली यांनी 1950च्या दशकात बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात एक प्रयोग केला. तुमच्यातल्या प्रत्येकाने तो वाचावा, कारण तो खरं तर इमारतीचा प्रयोग आहे. सर्वांत वरच्या मजल्यावर टीबीच्या 6 रुग्णांचा वॉर्ड. त्यातली सगळी हवा नळांमधून छतावरच्या खोलीत नेली आणि तिथे गिनी पिग ठेवले. प्राण्यांचा रुग्णांशी दुसरा कसलाही संबंध नव्हता. ताट नाही, चादर नाही, हात नाही, मध्ये होती फक्त हवा. गिनी पिगना एकामागून एक टीबी झाला. पुढच्या टप्प्यात तीच हवा दोन वाटांनी वर नेली आणि एका वाटेवर अतिनील किरणांचे दिवे लावले. त्या वाटेवरचे प्राणी निरोगी राहिले.

याच काळात आपल्या मद्रासमध्ये दुसरी गोष्ट सिद्ध होत होती. 1956 मध्ये तिथल्या क्षयरोग केंद्राने रुग्णांचे दोन गट केले. काहींना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे टीबीच्या खास रुग्णालयात ठेवलं, काहींना दाटीवाटीच्या वस्तीतल्या त्यांच्या घरीच औषधं दिली. घरी राहिलेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना सॅनेटोरियममधल्यांच्या कुटुंबीयांपेक्षा जास्त टीबी झाला नाही. औषध सुरू झालं की रुग्णापासूनचा धोका झपाट्याने उतरतो. तरीसुद्धा आपल्याकडे औषध घेणाऱ्या सुनेची ताट-वाटी अजून वेगळी ठेवतात. तिच्या भांड्यांपासून कुणाला काही होत नाही. धोका असतो तो ज्याचं निदानच झालेलं नाही, औषध सुरूच झालेलं नाही, किंवा चुकीचं औषध सुरू आहे, त्याच्यापासून. आणि असा माणूस कुठे बसलेला असतो? तुमच्या नकाशावर जिथे 'प्रतीक्षा कक्ष' लिहिलंय तिथे. नाहीतर आमच्या वॉर्डात, न्यूमोनिया म्हणून दाखल झालेला.

दक्षिण आफ्रिकेतल्या तुगेला फेरी या खेड्यातल्या रुग्णालयात 2005-06 मध्ये जवळपास कुठल्याच औषधाला न जुमानणारा टीबी 53 जणांत सापडला. त्यातले 52 दगावले. ज्यांची एचआयव्ही तपासणी झाली ते सगळे एचआयव्हीबाधित होते. निम्म्याहून अधिक जणांनी आयुष्यात कधी टीबीची गोळी घेतलेली नव्हती, म्हणजे औषधं अर्धवट सोडल्यामुळे हा प्रकार झालेला नव्हता. तो प्रतिकार करणारा जंतू त्यांना दुसऱ्याकडून आयता मिळाला होता. बहुतेक जण त्याआधी त्याच रुग्णालयात दाखल होऊन गेलेले होते. एका आजारासाठी आलेली माणसं वॉर्डातली हवा घेऊन घरी गेली.

आता खिडकी.

पेरूची राजधानी लिमामधल्या 8 रुग्णालयांतल्या 70 खोल्यांचा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारं उघडी असताना तासाला किती वेळा खोलीतली हवा बदलते ते त्यांनी मोजलं. 1950च्या आधीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या खोल्यांत ती सुमारे 40 वेळा बदलत होती. 1970 ते 1990च्या दरम्यान बांधलेल्या, नव्या समजल्या जाणाऱ्या खोल्यांत 17 वेळा. यंत्राने हवा खेळवणाऱ्या, खास टीबीसाठी केलेल्या खोल्यांत 12 वेळा. मग त्यांनी हिशोब मांडला: औषध सुरू न झालेल्या टीबी रुग्णांबरोबर 24 तास काढले तर किती जणांना संसर्ग होईल? यंत्राच्या खोलीत 100 पैकी 39, नव्या इमारतीत 33, जुन्यात 11.

मी हे वाचलं आणि आमचे बुजवलेले झरोके डोळ्यांपुढे आले.

हवा बदलणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तरी आमच्या बाजूने सांगते. तासाला 12 वेळा हवा बदलत असेल तर हवेत तरंगणारे 100 पैकी 99 कण निघून जायला 23 मिनिटं लागतात. 6 वेळा बदलत असेल तर 46 मिनिटं. 2 वेळा बदलत असेल तर 2 तास 18 मिनिटं. तेवढ्या वेळात आमची एक सिस्टर त्या हवेत इंजेक्शनांची पूर्ण फेरी मारते.

माझा भाचा सिव्हिल इंजिनिअर आहे. त्याने जागतिक आरोग्य संघटनेचं 2009चं ढोबळ सूत्र घेऊन आमच्या वॉर्डाचा हिशोब मला कागदावर करून दाखवला. ज्या बाजूला कमी मोकळी जागा असेल तिचं क्षेत्रफळ, गुणिले वाऱ्याचा वेग, गुणिले 0.65. जुन्या वॉर्डात एका बाजूला खिडक्यांची मोकळी जागा साधारण 8 चौरस मीटर. वारा अगदी मंद धरला, सेकंदाला अर्धा मीटर. उत्तर आलं सेकंदाला 2600 लिटर हवा. 20 रुग्णांना भागलं तर प्रत्येकीच्या वाट्याला 130 लिटर. सामान्य वॉर्ड आणि ओपीडीसाठी संघटनेने सांगितलेली गरज आहे दर रुग्णामागे सेकंदाला 60 लिटर. आमचा पडका, चुना गळणारा वॉर्ड गरजेच्या दुप्पट हवा देत होता.

मग त्याने नूतनीकरण मांडलं. स्लायडिंग खिडकी कितीही सरकवा, एका वेळी निम्मीच उघडते, कारण एक काच दुसऱ्या काचेमागे जाते. 130चे 65 झाले. पूर्वेकडची निम्मी जागा कपाटांनी झाकली. 32. आणि एसीसाठी उरलेल्या खिडक्या बंद केल्या की त्या सूत्रात क्षेत्रफळाच्या जागी शून्य येतं. भाच्याने पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "मावशी, आम्हाला कॉलेजात हे सूत्र होतं. पण आम्ही ते कारखान्याच्या शेडसाठी शिकलो."

स्प्लिट एसी खोलीतली हवा ओढतो, गार करतो आणि परत खोलीतच सोडतो. बाहेरची हवा तो आत आणत नाही. एसीची हवा ताजी असते, असं आमच्यातल्या किती जणी समजत होत्या! त्याच्या जाळीवर धूळ अडते. टीबीचा कण त्या जाळीच्या हिशोबाने फार बारीक आहे. खाट क्रमांक 3वरची बाई खोकली की एसी तो खोकला गार करून 17 नंबरपर्यंत नेऊन सोडतो. हे वाक्य कठोर वाटेल, पण यंत्र हेच करतं.

आम्ही दरवर्षी 12 मे रोजी परिचारिका दिन साजरा करतो. मेणबत्त्या लावून शपथ घेतो, आणि फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या हातातल्या दिव्याची गोष्ट प्रत्येक भाषणात येते. त्यांनी आग्रह धरलेल्या खिडक्यांची गोष्ट मी एकाही भाषणात ऐकली नाही. लांब वॉर्ड, दोन्ही भिंतींत समोरासमोर उंच खिडक्या, दोन खाटांमध्ये मोकळी जागा: लंडनचं सेंट थॉमस रुग्णालय 1871 मध्ये याच पद्धतीने उभं राहिलं, आणि आपल्याकडच्या जुन्या इमारतींत तोच घाट दिसतो. रोग दूषित हवेतून होतो असं त्या काळचे लोक मानायचे, जंतू त्यांना माहीत नव्हते. कारण चुकलं होतं, पण खिडक्या बरोबर बसल्या. आपल्याला आज कारण बरोबर माहीत आहे.

आणि ही गोष्ट रुग्णालयांपुरती नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात प्रकल्पग्रस्तांसाठी उभारलेल्या नटवर पारेख कंपाउंड आणि लल्लुभाई कंपाउंड या वसाहतींचा अभ्यास झाला आहे. दोन इमारतींत अंतर जेमतेम 3 मीटर. खालच्या मजल्यांवर ना ऊन पोचतं ना वारा, आणि टीबी तिथेच जास्त. त्या घरांतली माणसं खोकत आमच्याकडे येतात, तपासणीसाठी बेडका देतात, गोळ्या घेऊन त्याच घरात परत जातात. आम्ही त्यांना सांगतो, "घरात हवा खेळती ठेवा." सांगताना जीभ अडखळते.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते माझेही होते. खिडक्या उघड्या ठेवल्या तर डास येतात, आणि डेंग्यू काय करतो हे मी वॉर्डात पाहिलंय. मग जाळ्या बसवा, पण जाळी हवा अडवते हे धरून खिडकी मोठी करा, आणि जाळी धुता येईल अशी, काढता-घालता येणारी हवी. आमच्याकडची जाळी दोन वर्षांत धुळीने इतकी माखली की तिच्यातून उजेडही येईना. पाऊस येतो, तर छज्जा खोल काढा, झडप वरून टांगलेली, बाहेर उघडणारी करा, म्हणजे झड अडेल आणि हवा चालू राहील. रुग्ण उडी मारेल ही भीती खरी आहे. गजांचं काम गज करतात, त्यासाठी काच लागत नाही. थंडीचं म्हणाल तर खालच्या खिडक्या लावून घेऊन वरचे झरोके उघडे ठेवायची सोय जुन्या मिस्त्रींनी करून ठेवली होती. गरम हवा वर जाते आणि झरोक्यातून निघून जाते, अंगावर वारा येत नाही. म्हणून तर ते झरोके तिथे होते. फॉल्स सीलिंगने सगळ्यात आधी त्यांचाच जीव घेतला.

उन्हाळा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या वॉर्डांत मे महिन्यात एसी नको, हे म्हणायचा मला अधिकार नाही. उष्णता वाढतेच आहे, आणि गरमीने म्हातारी माणसं दगावतात. मग जिथे एसी लावाल तिथे बाहेरची हवा आत आणणारा आणि आतली बाहेर टाकणारा पंखा त्याच अंदाजपत्रकात धरा. तो वेगळ्या प्रस्तावासाठी सोडू नका, कारण तो प्रस्ताव कधीच येत नाही. एक्झॉस्टचं तोंड व्हरांड्यात किंवा शेजारच्या वॉर्डाच्या खिडकीसमोर काढू नका. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे, म्हणून लिहिते. अतिदक्षता विभाग, ऑपरेशन थिएटर यांची गोष्ट वेगळी आहे, तिथली यंत्रणा तुम्ही जाणता. जिथे खिडकी काढणं खरोखर शक्य नाही, तिथे बाल्टिमोरच्या त्या गिनी पिगना वाचवणारे अतिनील दिवे भिंतीवर उंच, माणसांच्या डोळ्यांना लागणार नाहीत असे बसवता येतात. पण त्यांची नळी बदलायला, पुसायला माणूस नेमलेला हवा. नाहीतर तो निळा दिवा नुसती शोभा होतो.

मास्कचं काम आम्ही करू. खोकणाऱ्या रुग्णाच्या तोंडावर साधा सर्जिकल मास्क लावला तर केवढा फरक पडतो, हेही दक्षिण आफ्रिकेत गिनी पिगवरच मोजलं गेलं आहे. एमडीआर रुग्णांनी एक दिवसाआड मास्क घातले. मास्कच्या दिवसांची हवा मिळालेल्या 90 प्राण्यांपैकी 36 जणांना संसर्ग झाला, बिनमास्कच्या दिवसांची हवा मिळालेल्या 90 पैकी 69 जणांना. फरक मोठा आहे, पण 36 म्हणजे शून्य नव्हे. माणूस जेवताना मास्क काढतो, झोपेत काढतो, बेडका काढायला तर काढावाच लागतो. उरलेलं काम खिडकीनेच करायचं असतं.

आणि बेडक्याचंच निघालं आहे तर, तो कुठे काढायचा याची जागा मला आजपर्यंत एकाही नकाशावर दिसलेली नाही. आम्ही रुग्णाच्या हातात डबी देतो आणि म्हणतो, "जा, जोरात खोकून आणा." तो बिचारा जातो संडासात, म्हणजे इमारतीतल्या सगळ्यात कोंदट, बिनखिडकीच्या खोलीत. त्याच्यामागून आत जाणाऱ्याने काय श्वासात घ्यायचं? बाहेर अंगणात, माणसांच्या वाटेपासून दूर, वर पत्र्याची सावली, हात धुवायला नळ आणि आडोशाला एक अर्धी भिंत. एवढंच लागतं. त्याचा खर्च तुमच्या ग्रॅनाइटच्या एका पायरीएवढाही नसेल.

ओपीडीची रांग बंद दालनात लावू नका. व्हरांडा रुंद करा आणि बाकं तिथे ठेवा. खोकणाऱ्यांना आधी आत घ्यायचं, वेगळं बसवायचं, हे 2010च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांपासून आम्हाला शिकवलं जातं. पण वेगळं बसवायला जागा हवी, आणि ती वारा जिकडून बाहेर पडतो त्या बाजूला हवी. डॉक्टरांचं आणि सिस्टरचं टेबल वारा जिकडून आत येतो त्या बाजूला, रुग्णाची खुर्ची त्याच्यापुढे. आमचं टेबल वॉर्डाच्या आतल्या, आंधळ्या कोपऱ्यात होतं. सगळ्या वॉर्डाची हवा फिरून तिथे येऊन थांबायची, आणि तिथे बसून आम्ही रात्रभर रजिस्टरं भरायचो. ती 26 वर्षांची मुलगी सगळ्यात जास्त नाइट ड्युट्या घ्यायची. घर बांधायला काढलं होतं तिने.

2020च्या एप्रिलमध्ये मुंबईतल्या काही नामांकित खासगी रुग्णालयांत परिचारिका आणि डॉक्टर मोठ्या संख्येने कोरोनाबाधित झाले आणि ती रुग्णालयं काही काळ बंद ठेवावी लागली. पैसा, काच, मार्बल, सगळं असलेल्या त्या इमारती होत्या. त्यानंतर वर्षभर प्रत्येकाच्या तोंडी हवेचा विषय होता. 'व्हेंटिलेटर' हा शब्द पूर्वी आपल्या घरांत भिंतीतल्या वरच्या झरोक्यासाठी वापरायचे. त्या वर्षी त्याचा अर्थच बदलून गेला. आम्हा जुन्या माणसांना अजूनही तो शब्द ऐकला की आधी साखळीचा झरोका आठवतो.

म्हणून तुम्हाला विनंती करते. ज्या दिवशी एखाद्या जुन्या वॉर्डाचं अंदाजपत्रक करायला जाल, त्या दिवशी टेप आणि लेझरच्या यंत्राबरोबर इन्चार्ज सिस्टरला सोबत घ्या. कोणती खिडकी कधी उघडते, कोणती का उघडत नाही, रात्री दार कोण लावतं, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या निदान 20 टक्के असू द्या, आणि ते दोन्ही भिंतींत वाटलेलं असू द्या. 'खिडकी' मोजताना काच मोजू नका, उघडल्यावर मोकळी होणारी जागा मोजा. झरोका बुजवण्याची ओळ अंदाजपत्रकात आली तर तिच्यापुढे कारण लिहायला लावा. काम संपल्यावर, ताबा देण्याआधी, कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र भरलेल्या वॉर्डात ठेवून आकडा बघा. ते यंत्र काही हजार रुपयांत येतं. बाहेरच्या हवेत तो आकडा, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे भाग, 400च्या थोडा वर असतो. आत तो 1000च्या पुढे गेला, तर आम्ही एकमेकींनी सोडलेलाच श्वास घेतो आहोत असं समजा.

यंत्रही नसेल तर उदबत्ती आहे. राष्ट्रीय सूचनांतही हवेचा प्रवाह तपासायला उदबत्तीचा धूर सुचवलेला आहे. वॉर्डाच्या मधोमध उभं राहून ती पेटवायची आणि धूर कुठे जातो ते बघायचं. खिडकीकडे सरकून बाहेर गेला तर ठीक. सिस्टरच्या टेबलाकडे गेला, तर टेबल हलवायचं. तिथल्या तिथे गोल फिरत राहिला, तर मला बोलवा. मी रिकामी आहे, पुडा मी आणीन, आणि तुमच्याबरोबर भिंत न् भिंत फिरेन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिसेविका